काळीचं वजन

निवृत्त झाल्यावर माणसानं बाग करावी, निदान भांडू नये. मी परसात सहा कोंबड्या पाळल्या. दाणे थेट जमिनीवर टाकायचो. मातीतून वेचून खाल्लं की तब्येत ठणठणीत राहते, हा माझा सिद्धांत. तो फक्त मला माहीत होता, कोंबड्यांना कोणी सांगितला नव्हता.

बायकोची लाडकी काळी महिनाभरात वाळून काटकी झाली. तुरा फिका पडला, अंडी बंद झाली.

"ही गेली ना, तर तुमचा सिद्धांत तुमच्यापाशीच ठेवा," बायको म्हणाली.

गुरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. "आजारी कोंबडीला प्रवासात दमवू नका. विष्ठा डबीत आणा आणि वजन लिहून आणा. औषध वजनावर असतं."

घरात काटा एकच, न्हाणीघरातला. काळी त्याच्यावर उभी राहीना. मग मीच तिला कडेवर घेऊन उभा राहिलो. बायको वही घेऊन दारात होती. वाकून तिनं काटा वाचला. "साडेएकोणऐंशी. त्यातून तुमचं वजा करायचं. तुमचं किती?"

"बहात्तर," मी सवयीनं म्हणालो.

तिनं वहीत तसंच लिहून घेतलं.

आम्ही दोघं डबी घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिलं. "अंडी भरपूर आहेत."

"अहो, पण ती तर देतच नाही," मी म्हणालो.

"जंतांची आहेत. जिथे घाण तिथेच दाणे टाकता का?"

मी भिंतीवरचा गाईचा तक्ता वाचू लागलो.

मग त्यांनी वही पाहिली. "साडेसात किलो? कोंबडी आहे की बोकड? या हिशेबानं औषध दिलं तर जंत आणि कोंबडी एकदमच जातील. नीट आठवून सांगा."

बायको माझ्याकडे पाहत होती. आयुष्यभर वर्तमानपत्रातून लोकांची बिंगं फोडून पोट भरलं, आणि तेच पोट आता माझं बिंग फोडत होतं. घरी काळी मान टाकून बसलेली.

"अठ्ठ्याहत्तर," मी फरशीला सांगितलं.

"म्हणजे दीड किलो," बायकोनं वहीत खोडून लिहिलं.

"तुला धक्का नाही बसला?"

"तुमच्या विजारी दरवर्षी कोण सैल करतं?"

"मग बहात्तर कशाला लिहून घेतलंस?"

"म्हटलं, कोंबडीसाठी तरी खरं बोलता का बघू."

डॉक्टरीणबाई औषधाची बाटली शोधण्यासाठी कपाटात शिरल्या. त्यांचे खांदे हलत होते.

संध्याकाळी बायकोनं काळीला धरलं आणि मी चोचीत थेंब सोडले. बाकीच्या पाचजणींनाही दिलं, खुराडं खरवडून कोरडं केलं, दाण्यांसाठी पत्र्याचं भांडं टांगलं. दोन दिवसांत विष्ठेत पांढऱ्या दोऱ्यांची गुंतवळ पडली. आठवड्यानं काळी भांड्यावर तुटून पडली.

"हिला आता मूठभर जास्त," बायको म्हणाली आणि माझ्या ताटातली एक पोळी उचलून परत डब्यात ठेवली.