सहाचे तीन ठोके

सहाला दोन मिनिटं कमी होती. खाणीच्या तोंडाशी दीडशे माणसं श्वास रोखून उभी. खोलातलं पाणी वर आणणाऱ्या जाड नळाला आश्रमाच्या बाबांनी कान लावला होता. सर्वांत पुढे पंपवाल्याची बायको, सात वर्षांच्या लेकीला कवटाळून. तीन महिन्यांपूर्वी खालच्या थरात पाणी घुसलं आणि पंपवाला वर आलाच नाही.

"बोल रे लेकरा! मुलगी आश्रमाला देऊ? हो असेल तर तीन ठोके दे!" बाबांनी पंपवाल्याला हाक मारली.

नळ थरथरला. ठक्... ठक्... ठक्.

ते ठोके बायकोने ओळखले. पाळी संपली की नवरा पान्याने नळावर असेच ठोके द्यायचा.

"उद्या याच वेळी पोरीला सोपवायला घेऊन ये," बाबा म्हणाले. "मेलेल्याला ताटकळवू नये."

घरी दीर वाट बघत होता, खाणीतलाच वायरमन. "वहिनी, तो दादा नाही. संध्याकाळी वीज महाग, म्हणून गेल्या महिन्यात पंपाला टायमर बसवलाय. सहाला पंप बंद पडतो, नळातलं पाणी मागे फिरून व्हॉल्व्हवर तीनदा आदळतं. तेच हे ठोके."

"भाऊजी, त्यांचा हात मी ओळखत नाही का?"

त्याने पंपाच्या पेटीची किल्ली उचलली. "उद्या फक्त वीस मिनिटं थांबा. मग काय ते करा."

दुसऱ्या दिवशी ती लेकीला घेऊन आली, सोबत दीरही. सहा वाजले. "बोल रे लेकरा!" नळ मुका. बाबांनी पुन्हा हाक मारली, मंत्र पुटपुटले, घाम पुसला.

"झोप लागली वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं.

"इथे नास्तिक उभा आहे!" बाबा गरजले. " आत्मा रुसून लांब गेला. आज काही तो येत ना—"

ठक्... ठक्... ठक्.

न विचारताच! दिराने पंपाची पेटी उघडली. "टायमर मीच वीस मिनिटं पुढे केला. बाबांना वेळ सांगणारा तो बघा, हाच टायमर बसवणारा फिटर!" बाबांचा शिष्य म्हणून मागे उभा असलेला तो फिटर एव्हाना पाय काढत होता.

"मला करू द्या," ती पुढे झाली. पंप चालू केला, बंद केला. ठक्, ठक्, ठक्. पुन्हा केला. तेच.

"म्हणजे ते... नाहीतच."

"नाहीत, वहिनी." दिराने टायमर परत सहावर लावला. "टायमर बसवला, पण आम्ही कुणाला सांगितलंही नाही. तिथेच याचं फावलं."

तिने लेकीला जवळ घेतलं. मग डोळे पुसून गर्दीकडे वळली.

"महिनाभर आपण मेलेल्या माणसाला प्रश्न विचारले. त्या दिवशी पाणी कसं घुसलं, हे जिवंत माणसांना कुणी विचारलं का?"

ती मॅनेजरच्या ऑफिसकडे चालू लागली आणि एकेक करत सगळे तिच्यामागे निघाले.