वाढत्या अंगाचं माप

‘फक्त’ हा शब्द ज्या कुणी पहिल्यांदा जाहिरातीत घातला, त्याला शिलाई मशीनवर बसवून आठवडाभर पायडल मारायला लावलं पाहिजे, असं टेलरबाईंचं ठाम मत झालं होतं. तिकीट फक्त एवढं, असं मोबाईलवर मोठ्या रंगीत अक्षरांत दिसायचं. बोटानं पान जरा वर सरकवलं की त्या ‘फक्त’ला पोरंबाळं व्हायची. कर वेगळा. सामान ठेवायला कपाट हवं तर त्याचे वेगळे. पाण्यात उतरायचं तर सुती कपडे चालणार नाहीत, नायलॉनचेच लागतील. ते तिथं भाड्यानं मिळतील, भाडं अर्थातच वेगळं. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी. आणि एवढं सगळं वाचून, मनाची तयारी करून शेवटचं बटण दाबावं, तर पान अडकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून नाव-पत्ता विचारायला लागायचं.

गल्लीत त्यांना सगळे टेलरबाईच म्हणत. पुढच्या खोलीत मशीन, मशीनशेजारी आल्टरच्या कपड्यांचा ढीग, आणि ढिगाशेजारी स्टुलावर बसून पाय हलवणारी त्यांची आठ वर्षांची मुलगी. घरात तिला खारू म्हणत, कारण ती एका जागी कधी ठरायची नाही आणि दिसेल त्याच्यावर चढायची. ते तिकीट राइड्सच्या बागेचं होतं, आणि तिथं न्यायचं वचन खारूला देऊन दोन उन्हाळे झाले होते. पहिल्या उन्हाळ्यात पैसे छपराच्या डागडुजीत गेले, दुसऱ्यात नवऱ्याच्या कामाची गाडी बंद पडली. या वेळी काहीही होवो, जायचंच, असं टेलरबाईंनी जाहीर केलं होतं आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्याला ताप झाला होता.

“अगं, होईल काहीतरी,” नवरा म्हणाला. तो बेकरीची गाडी चालवायचा, पहाटे पाव पोचवायचा आणि दुपारी घरी येऊन निवांत पडायचा.

“होईल काहीतरी म्हणजे काय होईल, ते सांगा ना. कुणी फुकट नेणार आहे का?”

“जायचं-यायचं तर फुकट झालं. मालक एक दिवस गाडी देतोय.”

“पावाच्या गाडीतून जायचं?”

“पाव उतरवून जायचं,” नवरा म्हणाला. “पुढे सीट आहेत की चार. एक जरा फाटलीय. ती तू शिवशील.”

टेलरबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून पाणी प्यायला गेला.

सासूबाईंचं आणखी निराळं. त्यांना घरी एकटं ठेवायचं नाही हे ठरलेलं, पण त्यांचंही तिकीट लागतं हे त्यांना पटेना. “मला कुठं झोके घ्यायचेत? मी आपली सावलीत बसेन.”

“आई, सावलीत बसायचंही तिकीट आहे.”

“सावली काय त्यांनी शिवून घेतलीय?”

ज्येष्ठांना सवलत आहे हे वाचून टेलरबाईंच्या जिवात जीव आला होता. पण ओळखपत्र काढून पाहिलं, तर सासूबाई कागदावर दोन वर्षांनी लहान निघाल्या. शाळेत नाव घालताना कुणीतरी ठोकून दिलेली तारीख. ती चूक सासूबाईंनी जन्मभर कौतुकानं मिरवली होती, लग्नाकार्यात दहा जणींना सांगितली होती. आता त्या तारुण्याचे पूर्ण पैसे भरायचे होते. सासूबाई मात्र मनातून खूश दिसल्या, आणि त्याचाही टेलरबाईंना राग आला.

कपड्यांवर त्यांनी तोड काढली. एका शाळेच्या खेळाच्या गणवेशाचं निळं नायलॉन उरलं होतं, त्यातून चौघांचे पोहण्याचे कपडे त्यांनी स्वतःच बेतले. नवऱ्यानं आरशात पाहून विचारलं, की तिथं आपल्याला पीटीचे मास्तर तर समजणार नाहीत ना. सासूबाईंनी पायघोळ झगा शिवून घेतला आणि मी पाण्यात उतरणार नाहीच, असं सांगत दिवसभर तो घालून हिंडल्या. सगळ्यांना सगळं अंगासरशी बसलं. टेलरबाईंचं माप कधी चुकत नसे. गळ्यातली पिवळी टेप शिवणाच्या क्लासपासूनची होती, एका टोकाचे आकडे पुसत आले होते, तान्ह्या खारूनं ती चघळली होती, नंतर तिचा बाहुलीसाठी झोपाळा केला होता, आणि नवऱ्यानं एकदा गाडीत पावाचे क्रेट बांधायला नेली तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. पण टेप बदलायचं काही टेलरबाईंच्या मनात आलं नाही. फक्त शाळांकडून मापं लिहून आली की ते गणवेश जरा ऐसपैस व्हायचे. त्यावर कुणाची तक्रार नव्हती. वाढत्या अंगाची मुलं, बरं झालं, असंच आया म्हणत, आणि टेलरबाईंना स्वतःच्या धोरणीपणाचं कौतुक वाटे.

खरं घोडं अडलं होतं ते खारूच्या उंचीपाशी.

एकशे वीस सेंटिमीटरच्या आत असलेल्या मुलांना अर्धं तिकीट. त्याच्या वर पूर्ण. इथवर ठीक होतं. पण त्या बागेत ‘अजगर’ नावाची एक राइड होती, वळत वळत वर जाणारी आणि मग धाडकन खाली येणारी, आणि खारूचा सगळा जीव त्या अजगरात अडकला होता. तिच्या वर्गातली एक मुलगी त्यात बसून आली होती आणि वर्षभर दुसरं काही बोलली नव्हती. अजगरात बसायलाही उंची लागायची. किती? तर तीच, एकशे वीस.

म्हणजे रेषा एकच, आणि खारूला तिच्या वर जायचं होतं, आणि टेलरबाईंना ती खाली हवी होती.

टेलरबाईंनी दाराच्या चौकटीवर टेप लावून शिवणाच्या खडूनं एकशे वीसवर खूण केली. “सरळ उभी राहा,” त्या म्हणाल्या. हे त्या दिवसातून वीस गिऱ्हाइकांना म्हणत. “श्वास रोखू नकोस. टाचा खाली.”

खारू खुणेच्या अर्धं बोट खाली भरली. तिचा चेहरा एवढासा झाला. टेलरबाईंनी तोंडानं “अरेरे” म्हटलं आणि आत त्यांना हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून त्या खारूवरच ओरडल्या, की तोंड पाडून बसू नकोस, इतर पन्नास राइड आहेत.

त्यानंतर घरात एक चमत्कारिक शर्यत लागली. खारू दाराच्या वरच्या कडीला लोंबकळायची. सासूबाई तिला दोन वेळा दूध द्यायच्या, आणि हाडं लांबतात म्हणून पाय ओढून द्यायच्या. एरवी पोरगी दूध पीत नाही म्हणून जिवाचा आटापिटा करणाऱ्या टेलरबाई आता दुधाच्या पेल्याकडे वैऱ्यासारखं बघत होत्या. त्यात नवऱ्याची रजा एकदा रद्द झाली आणि जायचा दिवस दोन आठवडे पुढे गेला. दोन आठवडे. पोर काय दोन आठवडे थांबून राहणार होती? टेलरबाई रोज सकाळी चौकटीपाशी जायच्या आणि खूण बघायच्या.

“अर्धं तिकीट आहे म्हणून जमतंय,” त्या नवऱ्याला, सासूबाईंना, समोरच्या बिऱ्हाडाला, सगळ्यांना सांगायच्या. “पूर्ण लागलं असतं तर आत जाऊन पाणी पिऊन परत यावं लागलं असतं.”

एक दिवस खारूनं विचारलं, “आई, पण मी मोठी झाले तर?”

टेलरबाईंच्या तोंडात टाचण्या होत्या, मांडीवर कुणाचीतरी पँट होती आणि पँटवाला दारात उभा होता. “महिनाभर होऊ नकोस,” त्या म्हणाल्या.

पँटवाला हसला. खारू हसली नाही. ती स्टुलावरून उतरून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून तिनं कडीला लोंबकळणं सोडलं. पोरीला कंटाळा आला असेल, असं टेलरबाईंना वाटलं, आणि त्यांनी एकदाची तिकिटं काढली. तीन पूर्ण, एक अर्धं. पैसे परत मिळणार नाहीत, असं खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं.

ठरल्या दिवशी चौघं पावाच्या गाडीतून निघाली. गाडीत सकाळच्या पावांचा वास कोंडला होता. मागे एक क्रेट राहिलाच होता, आणि तो का उतरवला नाही यावरून वाटेत अर्धा तास वाजलं. गाडीतळ बागेपासून इतका लांब होता, की पोचेपर्यंत सासूबाईंनी दोनदा “अजून किती” विचारलं आणि तीनदा “मी सांगितलं होतं” म्हटलं. फाटकाशी लांब रांग होती. रांगेच्या तोंडाशी उंची मोजायच्या एका उभ्या पट्टीवर हसऱ्या अजगराचं चित्र होतं आणि त्याच्या जिभेपाशी लाल रेषा. पट्टीशेजारी एक मुलगी मनगटाला पट्टे बांधत उभी होती. तिच्या गणवेशाचा उजवा खांदा उतरला आहे, हे टेलरबाईंनी लांबूनच हेरलं.

“या बाळा, इथं उभी राहा,” ती पट्टेवाली म्हणाली.

खारू उभी राहिली. पट्टेवालीनं तिच्या डोक्यावर हात आडवा धरला. हात लाल रेषेच्या वर होता. अर्धं बोट असेल, पण वर.

“ताई, हिचं पूर्ण तिकीट लागेल. फरक शेजारच्या खिडकीत भरा.”

खारूनं मान वळवून रेषा पाहिली. तिचं तोंड उघडंच राहिलं, मग डोळे चमकले. “आई, मी अजगरात बसू शकते,” ती हळूच म्हणाली.

टेलरबाईंना ते ऐकूच आलं नाही. “अहो, कसं शक्य आहे? मी रोज मोजते. माझा धंदाच मोजायचा आहे.” त्यांनी पर्समधून पिवळी टेप काढली, पितळी टोक जमिनीवर पायानं दाबलं आणि लाल रेषेपर्यंत ताणली. “हे बघा.”

पट्टेवालीनं वाकून पाहिलं. “ताई, ही रेषा एकशे वीसवर आहे. तुमची टेप इथं एकशे अठराच दाखवतेय.” ती जरा थांबली. “जुनी झालीय का? ताणली गेली असेल.”

टेलरबाई टेपकडे पाहत राहिल्या. म्हणजे शाळेचे गणवेश ऐसपैस व्हायचे ते यामुळे. एकाच खोट्या टेपनं माणूसही मोजायचा आणि कापडही, म्हणून गल्लीतल्या कुणाचं काही बिघडलं नाही, आणि बाहेरून माप आलं की तेवढं सैल व्हायचं. एवढी वर्षं. आणि त्या धोरणीपणा म्हणून मिरवत होत्या, सासूबाई तारीख मिरवायच्या तशा. त्यांना टेपचा राग आला, क्रेट बांधणाऱ्या नवऱ्याचा आला, दुधाचा आला, त्या हसऱ्या अजगराचा तर फारच आला. मागची रांग चुळबुळत होती. त्यांनी पर्स उघडून पाहिली. फरक भरला तर दुपारच्या जेवणाचे पैसे जात होते. कपाटाचेही.

“पुन्हा एकदा मोजा ना,” त्या म्हणाल्या. आपला आवाज रडवेला झाला आहे हे त्यांना कळलं, आणि त्याचाही राग आला.

पट्टेवालीनं सुस्कारा टाकला आणि खारूच्या डोक्यावर पुन्हा हात धरला. हात रेषेच्या खाली होता.

“आता बसतेय हो आत,” पट्टेवाली म्हणाली, आणि तिलाही बरं वाटलेलं दिसलं. “मघाशी केस वर आले असतील. राहू दे, अर्धंच चालेल.”

“बघ, म्हटलं ना, होईल काहीतरी,” नवरा म्हणाला.

टेलरबाईंनीही सुटकेचा श्वास सोडला असता. पण शिवणाऱ्या बाईची नजर आधी कपड्याच्या कडेकडे जाते. खारूची पँट त्यांनी या सहलीसाठीच शिवली होती, सैलसर, कड बरोबर घोट्याच्या हाडावर बसेल अशी. ती कड आता चपलेवर टेकली होती. पँटच्या आत कुठेतरी दोन गुडघे जरासे वाकले होते. वर खारू हात अंगाशी चिकटवून अगदी शहाण्यासारखी उभी होती, नाकासमोर बघत, आणि अजगराकडे मुद्दाम पाहत नव्हती. तिच्या बारक्या मांड्या थरथरत होत्या.

महिनाभर होऊ नकोस, असं त्यांनीच सांगितलं होतं. पोरगी ऐकत होती.

आता राग कुणावर काढावा तेच त्यांना कळेना, कारण उरलेलं माणूस एकच होतं आणि ते त्या स्वतः होत्या. पट्टेवालीनं लहान मुलांचा हिरवा पट्टा काढला.

“सरळ उभी राहा,” टेलरबाई म्हणाल्या.

खारूनं घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. “उभीच आहे, आई.”

“सरळ. श्वास रोखू नकोस.” आवाज चिडकाच होता, त्याला आता इलाज नव्हता. “मोठी झालीयेस ना? मग मोठी दिस.”

“अगं, पण ती म्हणतेय चालेल,” नवरा कुजबुजला. “जेवायचं काय मग?”

“तुमचा क्रेट आहे ना गाडीत. पाव खाऊ.”

“मी सांगितलं होतं,” सासूबाई म्हणाल्या, कशाबद्दल ते कुणाला कळलं नाही.

खारूचे गुडघे हळूहळू सरळ झाले. पँटची कड चपलेवरून उठून घोट्याच्या हाडावर जाऊन बसली. पट्टेवालीनं मायलेकींकडे आळीपाळीनं पाहिलं, हिरवा पट्टा परत ठेवला आणि मोठ्यांचा लाल काढला. टेलरबाई टेपची गुंडाळी करत खिडकीकडे पैसे भरायला गेल्या.