माझ्या पाठीवर लिहिलेलं खोटं

भिंतीकडे तोंड करून उभं राहण्याची शिक्षा तुमच्यापैकी कुणाकुणाला मिळाली असेल. मित्रांनो, मी गेली कितीतरी वर्षं तसाच उभा आहे. मी एका घड्याळजींच्या घरातला कॅरमबोर्ड. मला कुणी मुद्दाम शिक्षा केलेली नाही. जागा नव्हती म्हणून कपाटामागे सरकवलं, इतकंच. पण घडलेलं आठवलं की वाटतं, माझी जागा हीच.

मला एका सुताराने घडवलं. तो तोंडाने कमी आणि रंध्याने जास्त बोलणारा माणूस. तीन दिवस तो माझ्यावर पॉलिश पेपर घासत होता. मधूनच डोळे मिटून तळहात फिरवायचा आणि कुठे कणभर खरखर लागली की पुन्हा घासायला बसायचा. शेवटी चौकट ठोकताना म्हणाला, "आता यावर सोंगटी अडली तर दोष खेळणाऱ्याचा." एवढी शाबासकी मला जन्मभर पुरली.

घड्याळजींनी मला तरुणपणी विकत आणलं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून केसासारखे बारीक स्क्रू फिरवणारा तो हात. संध्याकाळी तोच हात स्ट्रायकरवर आला की राणीने निमूट भोकात जायचं. इमारतीतली माणसं नुसती बघायला येऊन दारात उभी राहायची. पुढे मुलं मोठी होऊन लांब गेली, घराघरात टीव्ही आले, मग खिशाखिशात फोन आले. माझी रवानगी माळ्यावर झाली. उंदराने माझ्या चारपैकी दोन जाळ्या कुरतडल्या. मी अंधारात सोंगट्यांचा टकटक आवाज आठवत पडून राहिलो.

आणि मग ते साथीचं वर्ष आलं.

श्वासातून पसरणारा आजार होता. घराबाहेर पडू नका असा हुकूम निघाला. दुकानं, शाळा, बस, सगळं बंद. घड्याळजी इमारतीच्या समितीचे सचिव. त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात नियम लिहून काढले आणि जिन्याखाली चिकटवले. सामान आणायला घरातून एकानेच, ठरल्या वेळी जावं. दुसऱ्याच्या घरी जाऊ नये. गच्चीवर एका वेळी एकाच घरातल्या माणसांनी जावं. ताप आला तर लपवू नये. कुणाकुणाला भेटलात असं विचारलं तर खरं सांगावं. खाली ठसठशीत सही केली. तळमजल्यावरच्या पोराने गच्चीवर पतंग नेला तर त्याला बोलावून त्यांनी सगळे नियम मोठ्याने वाचायला लावले होते.

पंधरा दिवस त्यांनी स्वतः नियम काटेकोर पाळले. घरातली सगळी घड्याळं उघडून पुन्हा लावली, शेजारणीचंही एक मागवून घेतलं. मग हात शिवशिवायला लागले. एके दुपारी त्यांनी मला माळ्यावरून काढलं, फडक्याने पुसलं आणि जाळ्या नव्या ओवल्या. मित्रांनो, माणसं घरात कोंडली होती, रस्ते सुने पडले होते, आणि मी मात्र मनातून हरखलो होतो. हे मी आज पहिल्यांदाच कबूल करतोय.

गच्चीवर पाण्याच्या टाकीला लागून एक खोली होती. दुपारी चारला तिथे चौघे जमायला लागले. घड्याळजी, वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर, खालचा पाववाला आणि एक ड्रायव्हर. ड्रायव्हर शेजारच्या इमारतीतला. दोन्ही गच्च्यांमध्ये कमरेएवढा कठडा होता, तो ओलांडून तो यायचा. घड्याळजी बायकोला सांगायचे, टाकीचं पाणी बघून येतो. चार दिवसांनी ती म्हणाली, "रोज दोन तास काय बघता हो? टाकीत मासे पाळलेत की काय?" घड्याळजी हसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकी बघायला गेले.

खोलीचं दार लावलेलं असायचं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. खिडकी नव्हतीच. माझ्याभोवती चार डोकी इतकी जवळ यायची की पावडर फुंकली तर चौघांच्या मिशा पांढऱ्या व्हायच्या. नेम चुकला की मास्तर म्हणायचे, "ड्रायव्हरसाहेब, गाडीसुद्धा अशीच चालवता?" ड्रायव्हर म्हणायचा, "गाडीत तुम्ही शेजारी बसून बडबडत नाही, म्हणून सरळ चालते." सहा वाजले की तो मात्र हातातला डाव टाकून उठायचा. त्याच्याच इमारतीत तळमजल्यावर त्याची मोठी बहीण एकटी राहायची. सगळे तिला अक्का म्हणायचे. तिची छाती जन्मापासून अधू. आई गेल्यावर तिनेच ड्रायव्हरला वाढवलं होतं. तिला जेवण पोचवायची त्याला परवानगी होती. तो डबा घेऊन जायचा, समोर बसून तिला जेवू घालायचा, मगच घरी परतायचा.

एका रविवारी पाववाला सारखा खोकत होता. पीठ घशात गेलंय म्हणाला. मंगळवारी त्याला ताप भरला, बुधवारी दवाखान्याची गाडी येऊन त्याला घेऊन गेली. तुम्ही कुणाला भेटलात असं तिथे विचारल्यावर तो म्हणाला, भट्टी आणि घर, तिसरीकडे गेलोच नाही. दोस्तांना अडचणीत आणायचं नाही, एवढंच त्या भल्या माणसाच्या डोक्यात होतं.

गुरुवारी सकाळी नर्सबाई इमारतीत आली. दारोदार जाऊन विचारत होती. घड्याळजींनी घाईघाईने मला खाली आणून ठेवलं होतंच. नर्सबाईला वही टेकायला काही हवं होतं. घड्याळजींनी स्टूल दाराबाहेर सरकवलं आणि त्यावर मला पालथं टाकलं. माझ्या पाठीवर तिने वही उघडली आणि ती दोन पावलं मागे सरून उभी राहिली. कडेने थोडी पावडर सांडली. हे काय, असं तिने विचारलं. घड्याळांच्या कामाची भुकटी, असं ते म्हणाले. तिच्यासमोरचं पहिलं खोटं किती सहज निघालं.

"काका, गेल्या आठवड्यात घरच्यांशिवाय कुणाला भेटलात? जवळ बसलात?"

घड्याळजींनी जिन्याकडे बघितलं. खाली भिंतीवर त्यांचंच अक्षर होतं. सांगावं तर सगळ्या इमारतीला कळणार की नियम लिहिणाऱ्यानेच नियम मोडले. पतंगवाल्या पोरालाही कळणार.

"कुणालाच नाही," ते म्हणाले.

नर्सबाईने वाकून एक शब्द लिहिला. तिचं पेन जोराने टेकत असे, त्यामुळे तो शब्द मला पाठीवर कळला. मित्रांनो, इतकी वर्षं माझ्यावर फटके बसले, पण असा बसला नव्हता.

मास्तर त्याच इमारतीतले. काय ते त्यांना उमगलं होतं, त्यांनी स्वतःला खोलीत बंद करून घेतलं. पण ड्रायव्हर दुसऱ्या इमारतीतला, त्याला पाववाल्याचा पत्ताच नव्हता. घड्याळजींनी त्याला फोन लावला. सगळं सांगायचं ठरवूनच लावला होता. पलीकडून तो हसत म्हणाला, काय, आज हरायला किती वाजता येऊ? घड्याळजींना खरं सांगवेना. पाठ धरलीय, काही दिवस खेळ नको, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

ड्रायव्हरला नुसती सर्दी झाली. तो डबा घेऊन जात राहिला, समोर बसून अक्काला जेवू घालत राहिला. नवव्या दिवशी अक्काला न्यायला गाडी आली. घड्याळजी खिडकीच्या गजांना धरून बघत होते. तिने गाडीत चढताना स्वतःची साडी स्वतः सावरली, भावाला हाताने मागे राहा म्हणून खुणावलं. सहा दिवसांनी ती गेली.

त्या संध्याकाळी ड्रायव्हरचाच फोन आला. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. अक्का गेली, एवढं त्याने सांगितलं. मग विचारलं, "तुझी पाठ कशी आहे? तेल लावतोयस ना?"

 घड्याळजी बोलत सुटले. पाववाल्याचा ताप, नर्सबाईचा प्रश्न, पाठीचं सोंग, काहीच ठेवलं नाही. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मासे पाळल्याची थट्टा करणारी ती बाई तोंडावर पदर धरून भिंतीला टेकली.

 पलीकडून ड्रायव्हर अगदी हळू म्हणाला, "सांगितलं असतंस तर मी डबा दाराबाहेर ठेवला असता. एवढंच तर करायचं होतं."

दुसऱ्या दिवशी घड्याळजींनी नर्सबाईला निरोप पाठवून बोलावलं आणि दारात उभं राहून तिला खरं सांगितलं. ती रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं ते बायकोला म्हणाले. मग त्यांनी इमारतीतल्या घरोघर फोन केले आणि प्रत्येकाला तीच हकीकत सांगितली. कुणी शिव्या दिल्या, कुणी फोन आदळला. त्यांनी प्रत्येक शिवी ऐकून घेतली.

साथ ओसरली. पाववाला बरा होऊन परत आला. मास्तरांना काही झालं नाही. ड्रायव्हर रस्त्यात भेटला तर मान हलवतो, थांबत नाही.  घड्याळजींनी मला पुन्हा कधी आडवं मांडलं नाही, आणि मीही वाट बघणं सोडलं.

माझ्या कडा झडल्या आहेत, पाठीला वाळवी लागते आहे. माझ्यासारखी वस्तू अशा वेळी म्हणते, मला पुसा, मला जपा. मला ते मागायचा हक्क नाही. मी एवढंच मागतो. असा आजार पुन्हा आला आणि घरात राहा असं सांगितलं, तर राहा. कंटाळा येईल, येऊ द्या. आणि तुमच्या हातून चूक झालीच, कुणी दारात येऊन विचारलं की कुणाला भेटलात, तर लाज गिळून नावं सांगा. तुम्ही गाळलेलं नाव कुणाच्या तरी ताटासमोर जाऊन बसलेलं असतं.

खेळ बंद पडल्याने कुणी मरत नाही, मित्रांनो. खेळण्याखेरीज दुसरं काहीच न येणारा मी हे सांगतो आहे.