सतराचे चार

दीप्ती पागनीस शहराच्या समा भागातल्या एका इंग्रजी शाळेत नववीला शिकवायची आणि सोबत पीएच.डी. करायची. ज्याचं व्याकरण पक्कं त्याचं लेखन चांगलं, एवढंच तिला आकड्यांनी दाखवायचं होतं. तिने बत्तीस मुलांची व्याकरणाची चाचणी घेतली आणि त्यांच्याकडून ‘माझे बाबा’ हा इंग्रजी निबंध लिहून घेतला.

मोहना त्याच वर्षी सावली गावच्या गुजराती शाळेतून आली होती. व्याकरणात तिला पन्नासपैकी नऊ मिळाले. निबंधात मात्र तिने लिहिलं होतं, की कारखान्यात बाबांचा उजवा हात गेला, तरी सकाळी ते त्याच हाताने कप धरायला जातात, आणि आई तेव्हा मुद्दाम खिडकीकडे बघते. एकही वाक्य शुद्ध नव्हतं. दीप्तीने निबंध दोनदा वाचला आणि वीसपैकी सतरा दिले.

तिचे मार्गदर्शक जनार्दनसर तक्ता बघून म्हणाले, की या एका मुलीमुळे सगळा सहसंबंध ढासळतोय, गुण पुन्हा तपासा. बदला, असं ते म्हणाले नाहीत. दीप्तीने घरी येऊन सतराचे चार केले.

पेपर मुलांना परत द्यायचे होते. चार गुण सगळ्यांना पटावेत म्हणून तिने तो निबंध वर्गात मोठ्याने वाचला, प्रत्येक चुकीपाशी थांबत.

“हात गेला, की जातोय? एकदा काय ते ठरव,” ती म्हणाली.

मुलं हसली. दीप्तीने त्यांना हसू दिलं.

तास संपल्यावर मोहना स्टाफरूमच्या दारात आली.

“टीचर, मी लिहिलेलं तुम्हाला कळलं नाही का?”

“कळण्याचे गुण नसतात,” दीप्ती म्हणाली आणि पुढचा पेपर ओढून घेतला.

मोहनाने मग व्याकरणाचं पुस्तक पाठच केलं. बसमध्येसुद्धा तिचे ओठ हलत असायचे. मार्चमध्ये पुन्हा झालेल्या चाचणीत तिला सत्तेचाळीस मिळाले. निबंधाचा विषय तोच होता. तिने बारा वाक्यं लिहिली. बाबा सहाला उठतात, पेपर वाचतात, ते कष्टाळू आहेत, मला ते फार आवडतात. हाताचा उल्लेख कुठेच नव्हता. चूकही नव्हती. दीप्ती त्या कागदाकडे बराच वेळ बघत बसली, मग तिने अठरा दिले.

प्रबंध मान्य झाला. सुधारणेचा नमुना म्हणून मोहनाचे दोन्ही निबंध त्यात जोडलेले आहेत.

दहावीत शाळेच्या वार्षिकांकासाठी दीप्तीने तिला बोलावून घेतलं आणि मनात येईल ते लिहायला सांगितलं.

“किती ओळी, टीचर?” मोहनाने विचारलं. “आणि कुठल्या काळात?”

दीप्तीने तिला कोरा कागद दिला. मग म्हणाली, वीस ओळी, साधा वर्तमानकाळ.