'पॉलिअमरी'ची नोंद

शब्दकोशाच्या कचेरीत संपादकांना पाठीमागे सगळे 'मूळपुरुष' म्हणत. शब्द दिसला की त्याचं मूळ खणून काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पुरवणीच्या कामात 'पॉलिअमरी' आला, तेव्हा मुळाचं काम त्यांनी दोन मिनिटांत उरकलं. पॉली म्हणजे अनेक, ग्रीक. अमोर म्हणजे प्रेम, लॅटिन. जोडशब्द अलीकडचा, तीसेक वर्षांचा. घोडं पेंड खात होतं ते अर्थापाशी.

कारण हा शब्द त्यांनी पहिल्यांदा ऐकला तो लेकीच्या तोंडून. सहा वर्षांपूर्वी ती स्वयंपाकघरात त्यांच्यासमोर बसली. आपण दोघांबरोबर राहतो, तिघांचंही एकमेकांना ठाऊक आहे, याला पॉलिअमरी म्हणतात, असं तिनं एका दमात सांगून टाकलं. बापानं रागवावं, रडावं, गेला बाजार पोरीला पाणी तरी द्यावं. यांनी शब्द पकडला. अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन, ही कसली मोट बांधलीय म्हणून ऐकवत सुटले.

"बाबा, मी शब्दाचं नाही, माझं सांगतेय."

"आधी शब्द तरी धड असू दे."

खरं तर ते घाबरले होते, आणि घाबरले की त्यांना व्याकरण सुचे. लेक उठून गेली ती पुन्हा त्या घरात आली नाही.

आता त्यांनी अर्थ लिहिला, 'एकाच वेळी अनेकांशी प्रेमसंबंध ठेवणे.' मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'हे तर चोरूनही चालतं. सगळ्यांना माहीत असणं नि मान्य असणं, ते कुठे आहे?'

संपादक त्या ओळीकडे बघत बसले. कुणाला अंधारात ठेवायचं नाही, यावर तर सगळा शब्द उभा होता. म्हणूनच लेक सांगायला आली होती. तिला बापालाही अंधारात ठेवायचं नव्हतं. त्यांना स्वतःची शरम वाटली. जेवणाच्या सुट्टीत दार लावून त्यांनी फोन केला. चुकलो म्हणायचं, घरी ये म्हणायचं, एवढं पक्कं ठरवून.

फोन एका पुरुषानं उचलला. यांनी ओळख सांगितल्यावर तो अदबीनं "देतो हं" म्हणाला. लेक फोनवर आली आणि नुसतं "बोला" म्हणाली.

"ते... कोशात एक नोंद आहे. पॉलिअमरी. अर्थ नक्की करायचा होता."

त्यांनी जीभ चावली, पण बोलून झालं होतं. मग लिहून घेता येईल इतक्या सावकाश तिनं सांगितलं, "सगळ्यांच्या माहितीनं आणि संमतीनं एकाहून अधिक व्यक्तींशी असलेलं प्रेमाचं नातं. आणखी काही?"

"नाही. एवढंच."

नोंद बिनचूक झाली. आता बोट ठेवायला जागा नाही, असं बाई म्हणाल्या, आणि संपादकांनी मान डोलावली. लेकीच्या घरातल्या त्या दोघांपैकी फोन कुणी उचलला होता आणि त्याचं नाव काय, हे त्यांनी विचारलंच नव्हतं.