रंभाजीच्या विहिरीवरचा थांबा

देवळाली प्रवरेच्या नव्या वसाहतीत एस.टी. येऊ लागून आठवडाही झाला नव्हता, तोच चालक छगन माझ्या दारात उभा राहिला. मी ओव्हरसियर आणि वसाहतीच्या समितीचा चिटणीस. गाडीसाठी आगाराशी पत्रव्यवहार मीच केला होता.

"ओव्हरसियर साहेब, उद्यापासनं मी मोठ्या रस्त्यावरनंच माघारी फिरनार. आत येनार न्हाई."

"का?"

"वळनावर घंटी वाजती. एकच. थांबतो, तर उतरनारं कुनी न्हाई. कंडक्टर कानिफनाथ म्हनतो, त्यानं घंटीच्या दोरीला हातच लावला न्हाई."

एका घंटीला गाडी थांबते, दोन घंट्यांना सुटते. हे लहान मुलालाही ठाऊक असते. माझ्या सुनेचे दिवस भरत आले होते. गाडी बंद झाली असती, तर तिला राहुरीच्या दवाखान्यात बैलगाडीतून न्यावे लागले असते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः गाडीत बसलो. छताखालची दोरी ढिली होती. वळणावर हेलकाव्याने तिला झटका बसत असावा, असे माझे अनुमान होते. त्या फेरीपुरती मी ती घंटीपासून सोडवूनच ठेवली.

वळण आले. घंटी वाजली नाही. परंतु उभ्या प्रवाशांनी, कोणी न सांगता, अंग चोरून वाट करून दिली. मीही गुडघे बाजूला घेतले. कोणीच गेले नाही. त्या कोरड्या वर्षात मला ओल्या मातीचा वास आला. छगनने गाडी थांबवली होती.

मागच्या बाकावरून, वसाहतीपलीकडे राहणारी भिमाबाई म्हणाली, "आमचं मालक हायेत."

तिचा नवरा रंभाजी पूर्वीच्या एका दुष्काळात आपल्या शेतातली विहीर खोल करत असताना दरड कोसळली. ती माती उपसणे कोणाला जमले नाही. तो खालीच राहिला. पुढे शेत विकले गेले, विहीर बुजवली गेली आणि तिच्यावरून आमचा रस्ता वळला.

"वरनं चाकं जात्यात," ती म्हणाली. "त्यान्ला घरी जायचं ऱ्हायलंय."

कानिफनाथने हसण्याचा प्रयत्न केला. "मग तिकीट कुनाचं फाडू, मावशे?"

"माझंच फाड. मी हितं उतरत जाईन."

मी आगाराला विनंतीथांब्यासाठी लिहिले. वळणावर गाडी संथ करणे इष्ट आहे, असे कारण दिले. मंजुरी आली.

"थांबाच हाय म्हनल्यावर थांबायला काय भ्यायचं?" छगन म्हणाला आणि आत येत राहिला.

नव्या थांब्याच्या पहिल्या संध्याकाळी मीही गाडीत होतो. भिमाबाई वळणावर उतरली. मग वळून तिने रिकाम्या दाराकडे हात पुढे केला.

"सावकाश. पायरी उंच हाय."

थोड्या वेळाने ती वसाहतीपलीकडच्या आपल्या घराकडे चालू लागली. रस्त्याच्या कडेकडेने, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून. कानिफनाथने दोरी धरली, पण ओढली नाही. तो माझ्याकडे पाहत होता.

"दोघांना पुढे जाऊ दे," मी म्हणालो.