निकिताचे कान

निकिता पहिलीत होती तेव्हापासून तिचे कान वाहायचे. आजी भागिरथाबाई लसूण जाळून कोमट तेल कानात सोडायची, वर कापसाचा बोळा लावायची आणि म्हणायची, "मोठी झाली की आपोआप बंद होते." तो बोळा घालूनच निकिता शाळेत जायची. आता ती सातवीत होती. वर्गात काही विचारलं की नुसती उभी राहायची, त्यामुळे तिच्या डोक्यात काही शिरत नाही, असं घरात ठरूनच गेलं होतं.

मेडशीपासून जरा आत असलेल्या त्यांच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढे पोरीला मेडशीला धाडायचं नाही, असं तिचा बाप जगदेव दिवाळीतच बोलला होता. धाकटा पवन मात्र मालेगावच्या इंग्रजी शाळेत जायचा. सकाळी व्हॅन दारात यायची. निकिताच्या आईला, विजयमालाला, यात काही वावगं वाटलं नव्हतं. पवन हुशार, निकिता कामाची, एवढंच ती धरून चालली होती.

पौषात तूर सोंगणीला आली. रविवारी मायलेकी वावरात होत्या, निकिता पुढे, विजयमाला मागे. विजयमालाला तहान लागली.

"निकिता, पानी दे वं."

पोर वळली नाही. तिने पुन्हा मागितलं, मग रागाने मागितलं. निकिताचा विळा आपला चालूच. विजयमाला तणतणत गेली आणि तिच्या पाठीत एक धपाटा घातला. निकिता दचकली.

"काय झालं माय?"

"कवाची हाका मारून राह्यली मी."

"मले नाई आयकू आलं."

पोरीच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता. विजयमाला पाणी प्यायली, पण तिचा हात कामाला लागेना. निकिता पुन्हा सोंगू लागल्यावर ती जरा मागे उभी राहिली आणि तिने हळूच हाक मारली. मग मोठ्याने. मग इतक्या मोठ्याने की शेजारच्या वावरातल्या बायाही बघायला लागल्या. तेव्हा कुठे निकिताने मान वर केली, आणि बघितलं ते भलत्याच बाजूला.

विजयमाला वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच बसून राहिली. घरात कोणी बोलायला लागलं की ही पोर त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची. त्यावरून तिने किती बोलणी खाल्ली होती.

संध्याकाळी तिने जगदेवला सांगितलं.

"तूर निघू दे, मंग पाहू," तो म्हणाला. "अन् पोरीचे कान दाखवत फिरलो तं उद्या सोयरिकीच्या वक्ती लोक नावं ठेवतीन."

"सोयरिकीले लई वर्सं हायेत. शाळा उद्या हाये."

"मी नाई म्हनतो का? तूर तं निघू दे."

"पवनचा कान दुखला तवा सोयाबीन निघून राह्यलं होतं," विजयमाला म्हणाली. "मशीन वावरात उभी होती. ती सोडून तुमी त्याले वाशीमले नेलं. मीबी संगं होती."

जगदेव उठून बाहेर गेला. सकाळी तिने निकिताला घेतलं आणि कोणाला न विचारता वाशीमची एसटी धरली.

पवनला दाखवलं होतं त्याच डॉक्टरबाई होत्या. त्यांनी निकिताचे दोन्ही कान पाहिले.

"कधीपासून वाहतात?"

"पहिलीत होती तवापासून."

"आता कितवीत आहे?"

"सातवीत."

डॉक्टरबाईंनी हातातली बॅटरी खाली ठेवली. "इतके दिवस का राहिलं?"

विजयमालाकडे सांगायला पुष्कळ होतं. वावरातली कामं, लांबचा पल्ला, सासूचं तेल. पण पवनचा कान फक्त एक रात्र दुखला होता, आणि ती इथे आली होती.

"पोरगी होती म्हून राह्यलं, मॅडम," ती म्हणाली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. निकिता आईच्या तोंडाकडे बघत होती. तिला अर्धंच कळलं असावं.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. कानाच्या पडद्यांना भोकं पडली आहेत, तेल आजपासून बंद, आधी औषधाने कान कोरडे होऊ द्या, मग अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन होईल, असं त्यांनी समजावलं. पुष्कळ फरक पडेल, पण सगळंच ऐकू येईल असं नाही. "आणि शाळेत पुढे बसवा हिला," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं ही माणसांची तोंडं वाचून शिकते आहे."

घरी आल्यावर विजयमालाने हे जसंच्या तसं जगदेवला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो न सांगता शाळेत गेला. निकिताच्या वर्गाच्या राखी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्यासमोरच निकिताला फळ्यावर अपूर्णांकांची गणितं लिहून दिली. निकिताने ती न थांबता सोडवली.

"तोंडी विचारलं की गप्प राहायची, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "म्हणून मीच नाद सोडून दिला होता."

शाळा सुटल्यावर बापलेक घराकडे निघाले. चालता चालता जगदेवने काही विचारलं. निकिता खाली बघून चालतच राहिली. मग तो पुढे झाला, तिच्यासमोर उभा राहिला आणि तिने वर बघितल्यावर म्हणाला, "आठवीत जातं का वं?"

"मेडशीले?"

"मेडशीले."

निकिताने जोरात मान डोलावली.

चैत्रात ऑपरेशन झालं. अकोल्याला जगदेवच तिच्याजवळ राहिला. उजवा कान चांगला सुधारला, डाव्याचं अजून बाकी आहे. घरी आल्यावर, आजी केवढ्यानं घोरते, अशी तक्रार निकिताने केली, तेव्हा भागिरथाबाई दोन दिवस रुसून होती. विजयमालाचा हात अजूनही कधी कधी साय पवनच्याच वाटीत घालतो. लक्षात आलं की ती थांबते आणि अर्धी निकिताला देते.

जूनपासून निकिता एसटीने मेडशीला जायला लागली. आता ती पवनशी शब्दाला शब्द देऊन भांडते. परवा जेवताना असंच जुंपलं.

"कान काय उघडले, तोंडच बंद होईना या पोरीचं," भागिरथाबाई म्हणाली.

"बोलू दे, माय," जगदेव म्हणाला, आणि निकिताकडे वळला. "हं, काय म्हनत होतं तू?"